बन काढला की बर्गरमध्ये उरतं काय?

एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ४१, पूर्णवेळ नोकरी, घरी नवरा आणि तेरा वर्षांची मुलगी. दर शुक्रवारी रात्री घरीच बर्गर करायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. तीन महिन्यांपूर्वी तपासणीत तिचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ५.९ आलं, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी सांगितलं, "मैद्याचं आणि गोड कमी करा." तिने त्या दिवसापासून बन बंद केला. आता शुक्रवारी नवरा आणि मुलगी बर्गर खातात आणि ती स्वतःपुरता बर्गर बाउल करते: लेट्यूसवर परतलेला खिमा, टोमॅटो, कांदा, चीज, वरून सॉस. ती लिहिते, "व्हिडिओत पंधरा मिनिटांत होतो, माझा पाऊण तास जातो. तळाशी पाणी साचतं, पानं मलूल पडतात, खिमा राखाडी दिसतो आणि खारट लागतो. जेवून उठले तरी जेवल्यासारखं वाटत नाही, मग मुलीच्या ताटलीतले फ्राइज उचलत बसते." मध्यंतरी नवरा सहज म्हणाला, "बन काढला की बर्गरमध्ये उरतं काय?" ते तिला लागलं. गेल्या शुक्रवारी मुलगी म्हणाली, "मलाही बन नको. बनने वजन वाढतं ना?" त्या रात्री तिला झोप लागली नाही. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा बाउल झटपट आणि चवीचा होईल असं काही आहे का? की सरळ आठवड्यातून एकदा खरा बर्गर खाऊन मोकळं व्हावं? आणि मुलीला काय सांगावं?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती फ्राइजच्या वाक्यावर. तुम्ही ते वाक्य कबुलीसारखं लिहिलं आहे, जणू तिथे तुमचा निर्धार कमी पडला. मला तसं वाटत नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने पाणी सुटलेली पानं आणि राखाडी खिमा खाल्ला, तर त्याचा हात शेजारच्या ताटलीकडे जाणारच. तुमच्या पोटाला काहीतरी हवं होतं आणि ते वाडग्यात नव्हतं. चूक वाडग्याची आहे. ती दुरुस्त करता येते, आणि बरंचसं पत्र मी त्यावरच खर्च करणार आहे.

पण आधी डॉक्टरांच्या वाक्याकडे जाऊ. ते म्हणाले, मैद्याचं आणि गोड कमी करा. तुम्ही ऐकलंत, बन बंद करा. या दोन वाक्यांत बरंच अंतर आहे. साधारण पन्नास ग्रॅमच्या साध्या बर्गर बनमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. शंभर ग्रॅम फ्राइजमध्ये, ते कसे केले आहेत त्यावर, २५ ते ४० ग्रॅम. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर, आणि ती प्यायची असल्यामुळे चावण्या-पचण्यात वेळ न जाता झपाट्याने रक्तात उतरते. केचपच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर. तुमच्या टेबलावर यातलं काय काय असतं ते तुम्हीच जाणता. पण बन सोडून ओंजळभर फ्राइज खाल्ले, तर हिशोब जिथल्या तिथे राहतो आणि वर मन खट्टू होतं ते वेगळंच. सगळा आळ एकट्या बनवर आला आहे. तो दोषी नाही असं मी म्हणत नाही, पण एकटाही नाही.

इथे एक गोष्ट तुमच्यासाठी नव्हे, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगायलाच हवी. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवणातली कर्बोदकं मनाने एकदम कमी करू नका. साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, मग वाडगा हातात घ्या.

आता तुमच्या नवऱ्याचा प्रश्न. त्यांनी तो कसा विचारला ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला तो लागला हेही खरं. पण तो प्रश्न म्हणून उत्तम आहे. बन काढला की उरतं काय? हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या खाणावळींत 'हॅम्बर्ग स्टेक' म्हणून जे मिळायचं, ती खिम्याची भाजलेली चपटी वडी ताटलीत वाढलेली असायची. पावात ती नंतर गेली. म्हणजे बनशिवायचा बर्गर हा कुणाच्या आजारपणासाठी निघालेला नवा शोध नाही, पदार्थाची सुरुवातच तिथून आहे. हे नवऱ्याला जरूर सांगा. मात्र त्याच वेळी हेही मान्य करू, की पाव आला आणि टिकला, कारण तो काम करत होता.

काय काम? तुम्ही वर्षानुवर्षं बर्गर केले आहेत, आठवून बघा. खिम्यातून सुटलेला रस आणि सॉस बन शोषून घेतो, म्हणून खाली थारोळं होत नाही. खिमा, चीज, सॉस आणि व्हिनेगरमधल्या काकडीचं लोणचं यांचा एकत्र खारटपणा तो अळणी, किंचित गोड बन सौम्य करतो. प्रत्येक घासात सगळं थोडं थोडं येईल अशी रचना तो बांधून ठेवतो. आणि तो चावायला लागतो, पोटात जागा धरतो. तुम्ही बन उचलून बाजूला ठेवलात आणि बाकी सगळं जसंच्या तसं वाडग्यात घातलंत. मग रस कुठे जाणार? तळाशी. मीठ कोण सौम्य करणार? कुणीच नाही. तुमच्या सगळ्या तक्रारी इथून आल्या आहेत. बाउल म्हणजे बन वगळलेला बर्गर असं धरलं की तो फसतो. बनची कामं वाडग्यातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाटून द्यावी लागतात.

सुरुवात खिम्यापासून करू, कारण राखाडी खिम्याने सगळ्याची वाट लावली आहे.

तांबूस, खमंग रंग येतो तो मांसातली प्रथिनं आणि साखर यांच्या तापल्यावर होणाऱ्या अभिक्रियेमुळे. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. ती जोमाने व्हायला पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर तापावा लागतो. पॅनमध्ये पाणी असेल तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही. म्हणजे पाणी आहे तोवर खिमा भाजला जात नाही, उकडला जातो. माझा अंदाज असा, की तुम्ही फ्रिजमधून काढलेला गार खिमा अर्धवट तापलेल्या पॅनमध्ये टाकता आणि लगेच हलवायला लागता. मीही बरेच दिवस तसंच करायचे, कारण हात स्वस्थ बसत नाही.

यापुढे असं करा. रुंद, जड बुडाचा पॅन घ्या, बिडाचा असेल तर फारच छान. तो रिकामाच दोन-तीन मिनिटं चांगला तापू द्या. ५०० ग्रॅम खिम्याला २८ सेंटिमीटरचा पॅन पुरतो. लहान असेल तर दोन खेपांत करा, गर्दी केली की पाणी सुटतंच. खिमा मोकळा न करता, कागदाने वरचा ओलावा टिपून, जाडसर भाकरीसारखा सपाट दाबून पॅनमध्ये ठेवा. आणि हात मागे घ्या. तीन-चार मिनिटं त्याला शिवायचं नाही.

या वेळात कान उघडे ठेवा, कारण पॅन बोलतो. सुरुवातीला कडक, कोरडी चरचर ऐकू येते. मध्येच ती मऊ होऊन बुडबुड्यांचा ओला आवाज यायला लागला, तर समजा पाणी सुटलं. आच वाढवा, ढवळू नका, थांबा. पाणी आटलं की चरचर परत येते, आणि त्यानंतर मिनिटभरातच वासही बदलतो. कडेने उलथनं घालून बघा, खालची बाजू गडद तपकिरी झाली असेल तर ती आपोआप सुटून येते. चिकटून बसली असेल तर अजून वेळ द्या. मग मोठे मोठे तुकडे करून उलटा, दुसरी बाजू दोन मिनिटं, आणि शेवटी उलथन्याच्या कडेने फोडा. भुगा करू नका. बोराएवढे काही, त्याहून मोठे काही, असे वेडेवाकडे तुकडे राहू द्या. बर्गर खाल्ल्याची जाणीव त्या तुकड्यांतल्या करपट कडांतून येते.

मीठ आता, खिमा तांबूस झाल्यावर. आधी कालवून ठेवलं तर मीठ मांसातली काही प्रथिनं विरघळवतं, ती एकमेकांना धरतात आणि खिमा सॉसेजसारखा चिवट, उसळता होतो. आणि एरवी बर्गरला घालता त्याच्या पाऊणपटच घाला. चीज, लोणचं, सॉस, तिघंही आपापलं मीठ घेऊन येतात, आणि ते पोटात घ्यायला आता बन नाही. तुमच्या खारटपणाचं उत्तर एवढंच आहे.

खिमा शिजला का, हे रंगावरून ठरवू नका. अखंड तुकड्याच्या फक्त पृष्ठभागावर असणारे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळले जातात, म्हणून तो पूर्ण शिजायला हवा: गाय, डुक्कर, मेंढी यांचा असेल तर ७१ अंश सेल्सिअस, कोंबडी किंवा टर्कीचा असेल तर ७४. फोडून परतलेल्या खिम्यात हे सहज साधतं, पण मोठे तुकडे राखणार असाल तर एकदा तापमापी टोचून बघा.

सुटलेली चरबी एका वाटीत ओतून घ्या, पॅनमध्ये चमचाभर ठेवा. बर्गरच्या पॅटीला २० टक्के चरबीचा खिमा चांगला, कारण ती निथळते आणि उरलेली बन पितो. बाउलला १० टक्क्यांच्या आसपासचा बरा. त्या चमचाभर चरबीत एक बारीक चिरलेला कांदा कडेने तांबूस होईपर्यंत परता. त्याचा गोडवा हा बनच्या गोडव्याच्या जागी आहे, म्हणून ही पायरी गाळू नका. मग अर्धा चमचा मस्टर्ड, थोडी मिरपूड, आणि लोणच्याच्या बरणीतलं दोन चमचे आंबट पाणी. ते पडताच पॅनच्या बुडाला धरलेली सगळी खमंग खरवड सुटते, ती उलथन्याने खरवडून खिम्यात फिरवा. आच बंद. चीज वर पसरा, झाकण ठेवा, मिनिटभर. चीज आचेवर ठेवून वितळवलं की त्याचं तूप वेगळं होतं आणि उरतो तो रबरी गोळा.

पाण्याचं काय करायचं ते पटकन सांगते. लेट्यूसच्या पानात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्याचं आपण काही करू शकत नाही. पण धुतल्यावर पानावर राहिलेलं पाणी आपल्या हातात आहे. स्वच्छ पंच्यात गुंडाळून झटका, पानं अगदी कोरडी करा. ओल्या पानावर सॉस धरत नाही, ओघळून तळाशी जातो. टोमॅटो चिरून, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा. खिमा पॅनमधून काढल्यावर दोन-तीन मिनिटं निवू द्या, आणि तो पानांच्या वर ओतण्याऐवजी शेजारी वाढा. खोल वाडग्याऐवजी पसरट घ्या. खोल वाडग्यात खालची पानं वाफेने शिजतात.

सॉस तिघांसाठी: मेयोनीज चार मोठे चमचे, केचप एक मोठा, मस्टर्ड एक छोटा, व्हिनेगरमधल्या काकडीच्या लोणच्याचे बारीक तुकडे दीड मोठा चमचा, त्याचंच पाणी एक छोटा चमचा, चिमूटभर पॅप्रिका, चिमूटभर लसूण पावडर. दहा मिनिटं मुरू द्या. मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात ९० ते १०० कॅलरीज असतात. 'सॅलडच तर आहे' म्हणून हात सैल सोडला, तर बनपेक्षा जास्त त्यातच जातील. अर्धं मेयोनीज काढून तिथे घट्ट दही घातलं तरी चव बिघडत नाही, उलट थोडा आंबटपणा येतो, आणि तो इथे हवाच आहे. बन नसल्यामुळे चरबी जिभेवर जास्त वेळ रेंगाळते. तिला कापायला आंबट लागतं.

म्हणूनच कांदा कच्चा न घालता व्हिनेगरमध्ये मुरवून घाला असं सुचवते. अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी गरम पाणी, एक छोटा चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, त्यात कागदासारखा पातळ चिरलेला लाल कांदा. वीस मिनिटांत गुलाबी होतो, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो.

आणि भाजलेले तीळ. चमचाभर तीळ कोरडेच भाजून वरून पेरा. बनच्या पाठीवरच्या तिळाचा वास आपल्या डोक्यात बर्गरशी इतका जोडला गेलेला असतो, की बाउल तोंडाजवळ आणताच फरक जाणवतो. मला स्वतःला या एका गोष्टीने सगळ्यात जास्त समाधान दिलं आहे.

राहिलं पोट भरणं. इथे मी तुम्हाला थोडी कर्बोदकं परत घ्यायला सांगणार आहे, दचकू नका. अर्धी वाटी शिजवलेला राजमा, पाणी पूर्ण निथळून, खिम्याच्याच पॅनमध्ये कडक होईपर्यंत परतलेला. यात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं येतात, म्हणजे बनच्या जवळपास, पण सोबत सहाएक ग्रॅम तंतू आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनंही येतात. त्यामुळे ती सावकाश पचतात आणि पोट धरून ठेवतात. शिवाय रस शोषायचं बनचं कामही तोच करतो. किंवा बटाट्याच्या लहान फोडी, सालासकट, थोड्या तेलात घोळून ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटं भाजलेल्या. त्या वाडग्यात आधीपासून असल्या, मोजून सात-आठ, तर मुलीच्या ताटलीकडे हात जायची गरज उरत नाही. यातलं किती चालेल ते तुमच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा. पण 'अजिबात नाही' हे उत्तर तुम्ही स्वतःच स्वतःला दिलं आहे, त्यांनी नाही.

जे मांस खात नाहीत त्यांच्यासाठी: मशरूम बारीक चिरून, तेल न घालता, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचे, मग तेल, मग सोया सॉसचे काही थेंब. त्यात कुस्करलेला राजमा किंवा गोठवून, वितळवून, पिळून कुस्करलेला टोफू. गोठल्यावर टोफूच्या आत बर्फाचे कण होऊन जाळी पडते, म्हणून तो खिम्यासारखा चावतो आणि मसाला पितो. राजमा सुका आणला असेल तर रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळून मगच पुढे शिजवा. कच्च्या राजम्यातलं एक द्रव्य पोटाला बाधतं. डब्यातला शिजलेलाच असतो.

आता वेळ. व्हिडिओतली पंधरा मिनिटं खरी असतात, फक्त ती सुरू होतात तेव्हा पानं धुतलेली, चीज किसलेलं आणि सॉस वाटीत तयार असतो. तुम्ही सातला दार उघडता तेव्हा यातलं काहीच तयार नसतं. पाऊण तास लागतो तो म्हणून, तुमचा हात मंद आहे म्हणून नाही. गुरुवारी रात्री, बाकी स्वयंपाक चालू असताना, सॉस आणि कांदा करून ठेवा. दोन्ही मुरल्यावर जास्तच चांगले लागतात. पानं धुऊन, कोरडी करून, कापडात गुंडाळून डब्यात ठेवली तर दोन-तीन दिवस कुरकुरीत राहतात. मग शुक्रवारी उरतं ते फक्त पॅनचं काम, वीस मिनिटांचं. बटाटे करणार असाल तर घरात शिरताच, कपडे बदलायच्या आधी, ओव्हन लावा. खिमा दुप्पट करून निम्मा गोठवलात, तर दोन-तीन महिने छान राहतो, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवायचा. उरलेला शिजलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपला पाहिजे. पण पानं, सॉस आणि खिमा वेगवेगळ्या डब्यांत. कालवलेला बाउल दुसऱ्या दिवशी खाण्यात काही अर्थ नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, की सरळ खरा बर्गर खावा का. खाऊ शकता. उंबरठ्यावरच्या साखरेला आठवड्याचं एक जेवण जितकं महत्त्वाचं, त्यापेक्षा उरलेली वीस जेवणं कितीतरी जास्त. उघडा बर्गर, म्हणजे फक्त खालचा अर्धा बन, वर सगळं काही, काट्याचमच्याने: १२-१३ ग्रॅम कर्बोदकांत भागतं आणि बर्गरची चव पूर्ण मिळते. सोबत कोला नको, फ्राइजऐवजी पानांचा ढीग. मला हा पर्याय तुमच्या सध्याच्या बाउलपेक्षा नक्कीच बरा वाटतो. पण नीट केलेल्या बाउलपेक्षा बरा आहे का, हे तुम्हीच दोन्ही करून ठरवा.

तिसरा पर्याय, म्हणजे आज चाललाय तो, दोघांसाठी बर्गर आणि तुमच्यासाठी वेगळा वाडगा, हा मात्र सोडा असं आग्रहाने सांगते. त्यात काम दुप्पट आहे हे एक. दुसरं, तुम्ही टेबलावर असून टेबलाच्या बाहेर बसता. शुक्रवारची ती रात्र तुम्हीच सुरू केली होतीत ना? एकच मोठा पॅन मध्यभागी ठेवा. भोवती पानं, टोमॅटो, गुलाबी कांदा, लोणचं, राजमा किंवा बटाटे, सॉस, तीळ. आणि एका ताटलीत बनही, तव्यावर भाजलेले. ज्याला बनमध्ये भरायचं तो बनमध्ये भरेल, ज्याला वाडगा हवा तो वाडगा घेईल. नवरा कदाचित बनचे तुकडे करून, कुरकुरीत भाजून बाउलमध्येच टाकेल, तेही फार छान लागतं. खिमा एकच, सॉस एकच, जेवण एकच.

आणि यातच तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

तीन महिने ती काय बघते आहे? आई आमच्यासारखं जेवत नाही. आई बनकडे बघते आणि घेत नाही. मग फ्राइज उचलते आणि तोंड कसंनुसं करते. तेरा वर्षांची मुलगी यातून जे समजायचं ते समजते, कुणी काही न सांगता. तुमची झोप उडाली ते बरोबरच आहे, ते वाक्य हलकं घेण्यासारखं नाही. पण घाबरून लांबलचक भाषणही देऊ नका. तिला खरं सांगा, साध्या शब्दांत: "माझ्या रक्तातली साखर थोडी वाढली आहे, म्हणून मी मैद्याचं कमी खाते. हे माझ्या तब्येतीसाठी आहे, वजनासाठी नाही. तुझं अंग वाढतं आहे, तुला पोटभर आणि सगळं खायला हवं. बन वाईट नसतो." आणि एवढं बोलून झालं की विषय बदला. टेबलावर यापुढे कॅलरी, ग्रॅम, वजन, 'चालत नाही', 'पाप' हे शब्द नकोत. वर मी दिलेले सगळे आकडे तुमच्यासाठी आहेत, तिच्या कानावर घालू नका. बोलायचंच तर चवीबद्दल बोला, कांदा जास्त आंबट झाला का, खिम्याच्या कडा आज जास्त खमंग झाल्या का. ती पुढेही जेवण टाळताना, मोजूनमापून खाताना, आरशासमोर स्वतःला बोल लावताना दिसली, तर थांबू नका, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. एका वाक्यावरून तसं काही आहे असं मी म्हणत नाही. पण लक्ष असू द्या.

येत्या गुरुवारी तिला सॉस करायला बोलवा. प्रमाण मी दिलंय ते, पण चाखून ठरवायचं तिने. केचपचा चमचा तिच्या हातात द्या, लोणचं तिला चिरू द्या, आणि काय कमी आहे ते विचारा. बहुतेक ती म्हणेल, अजून थोडं आंबट हवं. लोणच्याची बरणी तिच्या हाताशी ठेवा.